कांडी धरण्याआधी

उभ्या पिकात शिरलेलं जनावर
आमच्या कासाऱ्यात कोंडवाड्यात जातं.
मी तर शंभर मेंढ्या बोलावून घातल्या,
पेरणीच्या पस्तिसाव्या दिवशी, दव वाळल्यावर.
बांधावरून उखाजी ओरडला,
"येडी व्हयनी का वं? उभा गहूमा मेंढ्या?"
पाटकरी पाणी मोडायला आला होता,
तो फावडं टेकवून बघतच राहिला.

दिवाळीतच पेरला होता, बी जरा दाट.
गव्हाचं मला एवढंच कळतं,
लहानपणी त्याचं काळीज मातीखाली असतं.
वरचं कुणी खाल्लं तर तो रुसत नाही,
बुडाशी आणखी चार फुटवे काढतो.
ओंबी तेव्हा तिळाहून बारीक,
मेंढीचे दात तिथवर पोचत नाहीत.

रोज सकाळी एक ताट उपटायचं,
नखानं उभं चिरायचं,
गाठ बोटाला लागते का बघायचं.
लागली की कळप हलवायचा.
त्यानंतरचा घास म्हणजे
कुणाच्या तरी ताटातली पोळी.

निंबा ठेलाऱ्याशी बोलणं झालं होतं:
पाला त्याचा, लेंड्या माझ्या,
रात्रीची वाघर माझ्याच रानात.
पैशाचं नाव कुणीच काढायचं नाही.

बाराव्या दिवशी गाठ लागली,
बाजरीच्या दाण्याएवढी, टणक.
सांगायला गेले
तर निंबाची तानी घोंगडीवर बसलेली,
मांडीत रात्री झालेलं कोकरू.
मेंढीला पान्हा नव्हता.
माझ्या हातातलं चिरलेलं ताट तिनं पाहिलं.
थांबू दे, म्हणाली नाही.
कोकरू घोंगडीवर ठेवून
वाघरीच्या खुंट्या उपटायला लागली.

"विहिरीकडचे चार वाफे," मी म्हटलं.
"दोन दिवस. हीच एक मेंढी."
बाकीचा कळप पांझरा ओलांडून गेला.
दोनाचे पाच दिवस झाले.
मी मोजले नाहीत,
उखाजीनं मोजले.

होळीपर्यंत गहू कमरेला लागला.
उखाजी आता बांधावर थांबतो,
ओंबी दोन बोटांत धरून दाणे चाचपतो,
आणि माझ्याकडे न बघता
मेंढ्या कधी येतात विचारतो.

हार्वेस्टरवाला विहिरीपाशी थांबला.
चार वाफे खुरटे, हिरवट,
ओंबी एखाददुसरी.
"इथं काय झालं?"

तेवढं आधीच निघालं, मी म्हटलं.
मार्गशीर्षात.