हॉर्नचा रिले

सारमानसच्या धक्क्याला फेरी टेकली
आणि मी चावी फिरवली.
घुर्र घुर्र घुर्र.
स्टार्टर फिरतोय, गाडी काही पेट घेत नाही.
मागे चिऱ्यांचा ट्रक, दोन स्कूटर, सगळ्यांना घाई,
आणि माझ्या पाठीशी बांगड्यांचे तीन क्रेट.
बर्फ थेंबाथेंबाने आपला हिशेब चुकता करतोय.

चौघांनी ढकलत चढावर आणली,
फणसाखाली लावली,
आणि तिथे ज्याला त्याला इंजिन कळू लागलं.
एक म्हणाला, बॅटरी.
(बॅटरी गेली असती तर हे फिरलं असतं कसं, बाबा?)
एक म्हणाला, बाईमाणसाच्या हाताला गाडी अशीच वागते.
एकजण काही न बोलता
टायरला लाथ मारून गेला.

मी पुन्हा फिरवली. घुर्र.
बोलायचं खूप आहे
आणि पहिला शब्दच सुचत नाही,
तशी.

फोंडू मेस्त्री सायकलवरून आला,
खिशात एक पक्कड, दुसरं काही नाही.
बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.
"स्टार्ट मारू नको. चावी अर्धी फिरव. आणि सगळे गप्प."
झाले गप्प.
"आयलें कितें आयकूंक?"
"नाही."
"तेंच. रोज येतं. दोन सेकंद, सीटखाली,
पेट्रोलच्या पंपाची गुणगुण.
रोज येतं म्हणून तू ऐकत नाहीस."

अकरा वर्षं, पहाटे चारला, मालीमच्या जेटीवर
ही चावी मी फिरवते.
चालू होण्याआधी काहीतरी गुणगुणतं
हे मला आज कळलं, ते बंद पडल्यावर.

फ्यूज बघितला, धड होता.
मग काडेपेटीहून लहान एक डबी उपटली,
पक्कडीने टोपण काढलं.
आत चार मुंग्या,
जिथून वीज ओलांडते नेमक्या तिथे
चिकटून काळ्या झालेल्या.
ऊब बघून आल्या असतील बिचाऱ्या.

"नवा?"
"डिचोलीला. दुकान साडेनऊला उघडतं."
बर्फ साडेनऊपर्यंत थांबणारा नव्हता.
फोंडूने डोकं खाजवलं,
शेजारची तशीच डबी काढली, हिच्या जागी खोचली.
अर्धी चावी: गुणगुण.
पूर्ण चावी:
फणसावरचे कावळे उडाले.

पैसे नको म्हणाला. चार बांगडे उचलले,
कल्ले न बघताच.
मी ते काढून घेतले, दुसरे दिले.
ज्याचं त्याला कळतं.

"ती दुसरी डबी कसली होती?"
"हॉर्नची," सायकलवर टांग टाकत तो म्हणाला.

मग पिळगाव सबंध, आणि पुढे मयेपर्यंत
खिडकीतून डोकं काढून ओरडत गेले,
बांगडेऽऽ, ताजे बांगडेऽऽ.
तळ्याजवळ येईतो घसा बसला.
सुलक्षा ताट घेऊन दारात आली, म्हणाली,
"आज हॉर्न का नाही गो?"
"वापरला," म्हटलं,
"गाडी चालू करायला."