सैल जोड

चार्टवर नावं लिहिली तेव्हा
सन्मती मगदूम आधी, कारण अक्षर तिचं,
मग रुबिना मुजावर, मग मी,
आणि किसन ऐवळेचं नाव
कागद संपत आल्यामुळं
कडेनं वळवून, उभं.
तो म्हणाला, "असू दे, वाचता येतंय की."

विषय: पूर आला की वाजणारा गजर.
सांगलीत दुसरं काय सुचणार?
तरी आठवीच्या तिन्ही तुकड्यांत मिळून
चार ज्वालामुखी, दोन पवनचक्क्या,
आणि एकटे आम्ही.

रुबिनाच्या मामाचं मिरजेत तंतुवाद्यांचं दुकान.
त्यानं सतारीच्या तारेचं उरलंसुरलं वेटोळं दिलं,
पितळी, बारीक, बोट कापणारं.
"ही गाणारी तार, वीज नेईल का?" सन्मतीला शंका.
"वीज काय, तुलाबी नेईल," रुबिना म्हणाली,
आणि दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.
निरोप माझ्यामार्फत:
हिला सांग, सेल उलटा लावलाय.
तिला सांग, मला दिसतंय.

ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्तीवाल्याकडचा,
तीन पाय, त्यातला एक वाकडा.
नऊ व्होल्टचा सेल
चौघांनी पाळीपाळीनं जिभेला लावून तपासलेला.
पूल थर्माकोलचा, खांबावर फुटांच्या रेघा,
एक खिळा तळाशी
आणि दुसरा चाळीसवर,
आयर्विन पुलाखाली इशारा असतो तिथं.
सन्मतीकडं पेपरातलं कात्रण होतं.

किसन बराच वेळ खांबाकडं बघत बसला.
मग बोट ठेवलं, खूप खाली.
"चाळीसला आमच्यात
चुलीवर पाणी आलेलं असतंय."
कात्रण सन्मतीच्या हातात तसंच राहिलं.
कुणी काही बोललं नाही.
रुबिनानं तिसरा खिळा शोधला, जरा गंजलेला,
आणि किसनच्या बोटाखाली ठोकला.

पहिल्यांदा पाणी ओतलं, शाळेच्या फिल्टरचं.
दोन्ही खिळे बुडाले, बझर गप्प.
सगळं सोडलं, पुन्हा जोडलं, गप्प.
सन्मतीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेताला
किसन उठून मैदानातली मूठभर माती घेऊन आला,
डब्यातलं मीठ टाकलं, बोटानं ढवळलं.
"पूर काय गाळून येतोय व्हय?"
आणि ते वाजलं.
असं कर्कश, की शेजारच्या वर्गातले सर आले
आणि आम्हाला बाहेर काढलं.
बाहेरसुद्धा आम्ही हसतच होतो.

प्रदर्शनाच्या दिवशी जोड सुटला.
बझरकडं जाणारी तार, पुठ्ठ्याच्या खाली,
नेमका मी पीळ घातलेला.
परीक्षक बाई पलीकडच्या ज्वालामुखीशी होत्या.
मी हात आत घातला
आणि दोन टोकं अंगठ्याखाली दाबून धरली.
सन्मती बोलली, रुबिनानं दाखवलं, किसननं पाणी ओतलं.
खालच्या खिळ्याला वाजलं. वरच्यालाही.
"आणि यात तुझं काय काम?" बाईंनी मला विचारलं.
मी हात न काढता म्हटलं,
"जोडणी."

पहिला नंबर ज्वालामुखीला.
आम्हाला उत्तेजनार्थ, चौघांत एकच कागद,
तो सन्मतीनं फाईलला लावला.
पूल मोडीत निघणार होता, किसननं मागून घेतला.
सायकलच्या कॅरिअरला बांधून
सूर्यवंशी प्लॉटकडं निघाला,
दर खड्ड्याला थर्माकोलची पांढरी बुंदी सांडत.

श्रावणात एका रात्री, अडीच वाजले असतील,
फोन वाजला. पलीकडं कुणी बोलेना.
नुसता तो आवाज, कर्कश, ओळखीचा.
मी विचारलं, "कुठला खिळा?"
"आमचा."
मागं भांडी माळ्यावर चढत होती,
कुणीतरी शेळी ओढत होतं.
"आणि तो जोड? तो सैल होता, किसन,
मी तो कधी नीट केलाच नाही."
"ठावं हाय. त्याच दिवशी बघितलं होतं.
चिंधी बांधलीय घट्ट.
तुझा अंगठा इथवर कसा पुरणार?"

मग म्हणाला, ठेवतो,
रुबिनाला उठवायचंय अजून.