बुऱ्हाणपूर ते लोकमान्यनगर

साडेपाचला निघालो तेव्हा
आईंनी आधी स्कूटरला कुंकू लावलं, मग मला,
आणि मागे बसताना विचारलं, "धरायचं कुठं गं?"
एकवीस वर्षं एका ओट्यावर वावरलो,
सासूनं सुनेच्या कमरेला हात घालायची वेळ
आलीच नव्हती कधी.
त्यांनी माझी ओढणी धरली.
निंबोल्याच्या गतिरोधकावर ओढणी सोडून खांदा.
असीरगडाच्या वळणांवर
खांदा सोडून
कंबर.

हेल्मेटात अंबाडा मावेना म्हणून तो मानेवर उतरवला होता.
पायाशी मावाजलेबीचा डबा, दोन पिशव्यांत,
तरी पाक गळतच होता चपलेवर.

मुकुंद म्हणाला होता, बसनं जा, लोकांसारख्या.
पण लग्नसराई. बसला पायरीसुद्धा रिकामी नाही,
आणि खंडव्याहून इंदूरला जायची ती छोटी लाईन
केव्हाच उखडलेली.
द्वारकामावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी झालं.
"पट्टी निघायच्या आत पोचायचंय,"
आई म्हणाल्या.
पट्टी निघाल्यावर का नाही,
ते सांगितलं नाही.

खंडवा सुटल्यावर रस्ता सरळ झाला
आणि आई बोलायला लागल्या.
घरात मोजून बोलणारी बाई,
सनावदपर्यंत तासभर बोलत होती माझ्या पाठीशी,
आणि वारा त्यातलं निम्मं खात होता.
"...द्वारकेच्या..."
"...मुकुंदाची फी, दुसऱ्या वर्षाची..."
"...पाटल्या..."
मी आरशात पाहिलं. आरशात नुसती काच,
हेल्मेटची,
आणि त्यात उलटी पळणारी कपाशीची रिकामी शेतं.
काय म्हणालात, असं ओरडून विचारता आलं असतं.
मी हळू केली नाही.

मोरटक्क्याच्या पुलावर त्यांनी नर्मदेत रुपया टाकला.
तो कठड्यावर आपटला
आणि घरंगळत रस्त्यावर परत आला.
"थांब, थांब!"
मागे उसाचा ट्रक होता. कशी थांबणार?
बडवाह गेलं, बलवाड्याचा चहा झाला,
तोवर एक शब्द नाही.
चहाचे पैसे मात्र त्यांनीच दिले,
आणि उरलेले सुट्टे
तीनतीनदा मोजले.

भेरूघाटात इंजिन तापलं.
एका पळसाच्या तुटपुंज्या सावलीत उभ्या राहिलो दोघी,
एकमेकींच्या पदराओढणीनं घाम पुसत.
त्यांच्या हातात काचेच्या बांगड्या.
सोनं मी कधी पाहिलंच नाही त्या हातात,
आणि इतक्या वर्षांत
विचारायचं सुचलंही नाही.

सिमरोल, तेजाजीनगर, भंवरकुव्याची गर्दी,
दुपारचा एक.
लोकमान्यनगरात मावशी दारातच,
एका डोळ्यावर हिरवी पट्टी.
"स्कूटरवर आलात? पागल झाल्या का दोघी?
आणि तिथे काय करून राहिली उभी, गोदे? आत ये ना!"
आई आत गेल्या.
सोफ्यावर बरोबर पट्टीच्या बाजूला बसल्या
आणि दोन्ही हात
पदराखाली घेतले.

पोहे आले, जिरावण आलं.
जलेबी डब्याला चिकटलेली, चमच्यानं खरवडून खाल्ली.
मावशींनी डोळ्याची गोष्ट सांगितली, तीच पुन्हा सांगितली,
डॉक्टर कसा कोवळा होता, मिशीसुद्धा फुटली नव्हती मेल्याला,
शेजारच्या देशपांड्यांना एकाचे दोन कसे दिसतात,
आणि बोलता बोलता उठल्या,
खुर्ची उचलून आईंच्या पलीकडे नेऊन ठेवली,
उघड्या डोळ्याच्या बाजूनं,
आणि बसल्या.
आईंनी हात बाहेर काढले नाहीत.

रात्री पलीकडच्या खोलीत दोघी झोपल्या.
कूलर ट्रकसारखा घरघरत होता.
त्यातून ऐकू आलं: "पाटल्या."
मग बराच वेळ काही नाही.
मग मावशींचं हसू, की खोकला,
मग "तुला काय वाटलं, मला..."
आणि पुढचं कूलरनं नेलं.

उठून बटण बंद करता आलं असतं.
मी कूस बदलली.
कानात अजून वारा होता
आणि दोन्ही तळव्यांत
स्कूटरची थरथर.