छोटा त्सु

रबाळ्याच्या शेडमधलं आमचं प्रेस मशीन
जपानहून आलं तेव्हाच म्हातारं होतं.
लाल बटणावर चार अक्षरं.
अकरा वर्षं अंगठ्याने पुसत आलोय,
वाचली नाहीत.
कुठे थांबायचं ते हाताला ठाऊक होतं.

गोठिवलीत शेजारची शर्वाणी वाशीला क्लासला जाते,
तिने तक्ता दिला.
"अ इ उ ए ओ, काका. का सा ता ना.
आपलीच उजळणी, थोडी गाळलेली."

पोराची गणिताची जुनी वही काढली,
एका चौकटीत एक अक्षर.
दोन दिवस हात आपोआप वरून रेघ ओढायचा,
अक्षरं वाळत घालायला दोरी हवीच जणू.
शर्वाणी खोडायची.
"ती आपापली उभी राहतात."

तो सोपा. खांब, खांबाला एक खुंटी.
पण शि आणि त्सु!
त्याच तीन रेघा दोघांकडे,
एकीचा फराटा खालून वर, दुसऱ्याचा वरून खाली.
सहा पानं खाल्ली दोघांनी मिळून.

मग आडनाव लिहायला बसलो,
तर जोडाक्षरं उसवली:
मु हा तो रे.
बायको म्हणाली, कोण हे,
भाडं वेळेवर देतात का?

सोमवारी, सेकंड शिफ्टला,
अंगठा ठेवण्याआधी वाकून बघितलं.
सु.
तो.
मग तो त्सु, पण बुटका, ओळीत खाली बसलेला.
शर्वाणीने बजावलं होतं,
हा छोटा असला की बोलत नाही.
ओठ मिटून एक ठोका थांबायचं,
पक्का म्हणताना थांबतो तसं.
थांबलो.
पु.

सुतोप्पु.
पुन्हा म्हटलं, जरा भरभर.
हात्तिच्या!
स्टॉप.

हेल्पर विचारत होता, काय झालं, हसताय का.
शब्द ओळखीचाच निघाला म्हटलं,
आणि त्याच्या पोटातही थांबा आहे एक.

आता पॅनेलच्या दाराआड
कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं दिसतं.
गोलसर वळणाची तीन अक्षरं, पुढे तारीख,
खाली पुन्हा तीच तीन, पुढे तारीख,
एके ठिकाणी टोक मोडलेलं.
अठ्ठावीस ओळी. मग कोरा पत्रा.

ही अक्षरं माझ्या तक्त्यात नाहीत.
तो दुसरा तक्ता,
शर्वाणीची परीक्षा झाली की मिळेल.
शेजारीच ग्रीसची निपल आहे,
म्हणजे अंदाज आहे मला.
पण अंदाजाने वाचायचं नाही
असं ठरवलंय.