आकडा

गेटपाशी बाबांनी टोपी काढली
आणि खिशात हात घातला, सवयीनं.
बिल्ला नव्हता. मागायलाही कुणी नव्हतं.
आता खाणीत कुणीही येतं, फुकट,
फक्त कॉफी साडेचार युरोंना.
‘आमच्या वेळी आत गेलं की पैसे मिळायचे,’
बाबा म्हणाले, तुर्कीत. म्हणजे फक्त मला.

एकोणतीस वर्षं ते या बाजूला फिरकले नव्हते.
बाजाराला जातानाही ट्राम एक थांबा आधीच सोडायचे.
मीच म्हटलं, चला, माझी भट्टी तरी बघा:
दिव्यांच्या जुन्या खोलीत मी मातीची भांडी भाजते.
त्यांनी एक वाटी उलटी धरून बुडाला टिचकी मारली.
‘बरी आहे.’
घरी हा शब्द सणासुदीलाच निघतो.

कॉम्प्रेसरच्या हॉलमध्ये टँगोचा वर्ग चालला होता.
‘इथं तेल सांडलेलं असायचं.
पाय जपून टाका म्हणावं त्यांना.’
मागे दगडमातीच्या ढिगावर बर्च माजलेत, कुणी न लावलेले.
झोंगुल्डाकची खाण सोडून रूरच्या खाणीत उतरलेला माणूस
त्या झाडांकडे मात्र बराच वेळ बघत राहिला.
‘बिनकागदांची आलेली दिसतात,’ म्हणाला.

मग कपडे बदलायचा हॉल.
छत इतकं उंच की आवाज खाली यायला वेळ लागतो.
इथं प्रत्येकाची एक साखळी, साखळीला आकडा,
आकड्यावर आकडा.
घरचे कपडे वर ओढून टांगायचे
आणि आपण खाली जायचं.
आता तिथं बाराशे पांढरे शर्ट टांगलेत
कुणा कलावतीनं. कोरे.
एकाच्याही कॉलरला मळ नाही.
भिंतीवर पाटी: अनुपस्थिती. सुती कापड, साखळ्या.

बाबा ओठांत मोजत रांगेतून चालले.
अकराशे चौऱ्याहत्तर. त्यांचा.
तिथं थांबलेच नाहीत.
शेजारच्या पंचाहत्तरची साखळी सोडवली
आणि हळूहळू खाली घेतली,
उलट्या विहिरीतून पोहरा यावा तशी.

घंटा किंचाळली.
पलीकडे टँगो थांबला.
रखवालदार धावत आला, विशीतला, एका कानात इअरफोन:
‘हात लावायचा नाही! कलाकृती आहे ही.’
‘ही एवाल्ड काचमारेकची साखळी आहे,’ बाबा म्हणाले,
खाणीतल्या त्या जर्मनमध्ये
जी आता म्हातारेसुद्धा दवाखान्यात बोलत नाहीत.
‘तेवीस वर्षं त्यानं माझी पाठ घासली, मी त्याची.
आपली पाठ आपल्याला पोचत नाही, पोरा.
कोळसा बरोबर तिथंच बसतो.’

शर्ट त्यांनी दोन्ही हातांत ताणून पाहिला.
‘एवाल्डच्या दंडात शिरला नसता हा.’

पोरानं घंटा बंद केली, शर्ट वर ओढला,
साखळी खुंटीला कशीबशी अडकवली.
‘असं नाही. सुटेल. खाली माणसं उभी असतात.’
आणि त्याची बोटं धरून बाबांनी वेढा शिकवला,
दोनदा.
तिसऱ्यांदा पोरानं एकट्यानं घातला.

निघताना मी वर पाहिलं.
बाराशे शर्ट, सगळे सारखे;
एक जरा तिरका, इतरांहून बोटभर खाली.
बाबांना दाखवणार होते,
पण ते दारापाशी उभे,
पोराला विचारत होते
तुला महिन्याचे किती देतात,
आणि वेळेवर देतात का.