हळदीचं पडसं

मी शिंकलो तेव्हा पॉलिशच्या ढोलात साडेतीन क्विंटल सेलम फिरत होती
आणि नाकात बावीस वर्षांची धूळ.
वसमतच्या मोंढ्यात शिंकेला कोण विचारतं?
काट्यावरचा मापाडीही दर पोत्यामागं शिंकतो,
शेठ ती भवानी समजतात.

त्या चैत्रात मात्र
हुसेनसाबनं हातातला हूक खाली ठेवला,
केरबा दोन थप्प्या मागं सरला
आणि मुनीमजींनी रुमालाआडून विचारलं,
"वास येतो का रे तुला?"

मी हुंगलं.
खरं सांगतो, हळदीचा वास मला
लग्नाच्या सालापासूनच येत नाही.
ज्याच्या अंगाला रोज हळद लागते
त्याला कसला वास?
"नाही," म्हणालो.
तेवढ्यावर निकाल लागला.

टेस्ट हिंगोलीला.
"गेला की ठेवून घेतेत," गल्ली म्हणाली,
"काडी पार मेंदूपोतर घालतेत."
कुणाच्या तरी साडूच्या भाच्याची घातली होती म्हणे,
तवापासून त्याला पाढे येत नाहीत.
मग मीच वाकळ उचलली, चार्जर घेतलं
आणि आखाड्यावर जाऊन पडलो.

पहिल्या दिवशी घसा दुखतो का म्हणून
गिळून गिळून पाहिलं.
दिवस मावळेपर्यंत दुखू लागला.
तिसऱ्या दिवशी ताप.
दुपारचे दोन, डोक्यावर पत्रा,
त्या पत्र्याखाली पाट्याला हात लावला
तर त्यालाही ताप होता.
पाचव्या दिवशी दम लागला.
वानरं भुईमुगात शिरली होती
आणि मी त्यांच्यामागं नाल्यापर्यंत पळालो होतो,
हे मी फोनवर कुणाला सांगितलं नाही.

पदमीन डबा बांधावर ठेवायची, निंबाखाली.
तिथूनच ओरडायची, "भाकर गरम हाये, खाऊन घ्या,"
आणि ओरडता ओरडता
तिला ठसका लागायचा.
"चुलीचा," म्हणायची. कधी म्हणायची, "फोडणीचा."
मी मान हलवायचो.
तिच्या ठसक्याला कुणी मागं सरलं नाही.
तो घरातल्या आवाजांत धरलेला होता,
भांड्यांच्या, बादलीच्या, खराट्याच्या.

पंधराव्या दिवशी गावात आलो तो मानानं.
चहाच्या गाड्यावर जागा झाली.
"मला होऊन गेला," मी म्हणालो.
"मलाबी," केरबा म्हणाला, त्याला हगवण लागली होती.
मुनीमजींची अर्धशिशी, तीही तोच.
हुसेनसाबची दाढ सुजली होती,
तोही गालावर हात ठेवून म्हणाला, "हमको भी हुआ था, मारोतीभाऊ."
त्या साली वसमतमध्ये
साधं पडसं एकालाही झालं नाही.

दोन हळदी निघाल्या.
मास्क पोरांनी गोफणीला वापरले.
ठसका घरातच राहिला,
पदमीनच्या चोळ्या ढिल्या झाल्या,
शिंप्यानं एकदा टीप घातली, मग दुसऱ्यांदा.
"तेच असंल उरलेलं," मी म्हणालो,
"मह्याकडूनच आलं असंल."
जणू आपणच आणून दिलेली वस्तू.

मग आशाताई आली, शिळीमकरांची.
ओट्यावर बसली, पाणी प्याली नाही,
नुसती पदमीनचं खोकणं ऐकत राहिली.
"किती दिवस झाले?"
आम्ही दोघं एकमेकांकडं पाहू लागलो.
तिनं पिशवीतून प्लास्टिकची डबी काढली.
सकाळचा पहिला बेडका, झाकण घट्ट.

डबीवर पट्टी, पट्टीवर निळ्या पेनानं
पदमीन मारोती काळबांडे, वय ४१.
आमच्या घरातली ही पहिली टेस्ट.

दवाखाना मोंढ्याच्या पलीकडं.
डबी पिशवीत, पिशवी हँडलला,
गाडी मी अशी चालवली की सायकली पुढं गेल्या.
मोंढ्याच्या फाटकाशी हवा पिवळी झाली,
ढोल फिरत होते,
नाकात जुनी गुदगुली चढली.
मी गाडी कडेला घेतली,
पिशवी काढून
हातभर लांब धरली
आणि मान वळवून
शिंकलो.