तिसऱ्या आवाजाची वही

पाच आवाज, पाच वह्या.
एका वहीत एकाचीच ओळ,
बाकीचे चौघे कुठे वळतात, कुठे थबकतात
ते कानानं हुडकायचं.
क्रिस्पिन आचारी खर्जात, हाताला कांद्याचा वास,
मी सगळ्यात वर,
आणि तिसऱ्या वहीवर लॅम्बर्ट मास्तर,
राजाची शपथ घेतली नाही म्हणून शाळा गेलेले.

ओल्डक्रॉफ्टबाईंच्या लोणीघरात मिस्सा व्हायची.
खिडकीला घोंगडी, दाराच्या फटीत लोकर.
इतकं हळू गायचो
की कुत्रासुद्धा झोपेतून उठत नसे.
मोठ्यानं गायलेलं मला ठाऊकच नव्हतं.
वाटायचं, देवाशी असंच बोलतात,
शेजारच्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखं.

मग लंडनच्या तळघरात दारूची पिंपं सापडली
आणि आमच्या दलदलीतही घोडे फिरू लागले.
मेणबत्त्यांच्या सणाला, पहाटे,
भिंती ठोकत, फळ्या उचकत आले.
मास्तर धुराड्यामागच्या फटीत,
दोन दिवस, एक सफरचंद.
खोकला आला. एवढंच झालं.

चार वह्या पिठाच्या पेटीत होत्या,
पाचवी त्यांच्या सदऱ्यात.
रूबेन मॉक्सी नावाच्या शोधकानं ती उघडली
आणि त्याचे ओठ हलले.
कधीकाळी चर्चच्या गायनात वाढला असणार;
आवाज फुटला, पोट उरलं, मग हा धंदा.
शेवटच्या सुरापर्यंत पुटपुटत गेला,
विरामसुद्धा बोटांवर मोजले,
आणि वही खिशात घातली.

मास्तर नॉरिचच्या तुरुंगात तापानं गेले,
ईस्टर यायच्या आत.

पुढे आम्ही चौघंच.
तिसऱ्या आवाजाच्या जागी
क्रिस्पिन टाचेनं ठोके द्यायचा,
आणि आम्ही त्या खड्ड्याला
वळसा घालून पुढे जायचो.

रविवार चुकला की माणशी बारा पेन्स.
बाईंची दोन कुरणं तशीच गेली.
म्हणाल्या, टॉमसिन, तू जा.
अंग ने. तोंड नको.

गेले. कॅथेड्रलात मागच्या बाकावर
दातांवर दात दाबून बसले.
संत चुन्याखाली पुसलेले,
एकाचा पाय तेवढा वर आलेला, अनवाणी.
पोरांनी इंग्रजीत सुरुवात केली
आणि मधूनच, कमानींइतके उंच,
लॅम्बर्ट मास्तर.

म्हणजे त्यांची ओळ.
लॅटिन खरवडून वर दुसरे शब्द बसवलेले,
पण चढ तोच,
जिथे ते नकळत टाचा उचलायचे.
(नंतर कळलं : तिथली तिसरी वही उंदरांनी खाल्ली होती.
मॉक्सीनं आमची विकली. सहा शिलिंग.)

एवढ्या मोठ्यानं!
दगडसुद्धा उत्तर देत होते.
मला राग यायला हवा होता, आलाही,
पण त्याच्याआधी तोंड उघडलं होतं
आणि माझी वरची ओळ, माझ्याच शब्दांत,
बाहेर पडून गेली होती.
शेजारची बाई सरकून बसली.
चर्चच्या कारभाऱ्यानं वहीत लिहिलं :
टॉमसिन क्रॅस्क, हजर.

बाईंना काही सांगितलं नाही.
रात्री लोणीघरात घोंगडी लावली,
क्रिस्पिननं सूर धरला,
मी माझी वही मिटून ठेवली
आणि खालच्या पट्टीत मास्तरांची ओळ घेतली.
आता वरची जागा रिकामी होती.
क्रिस्पिनची टाच ठोक्यासाठी उचललेली
तशीच राहिली.